पूर्णेच्या फाटकापर्यंत गाळलेली हवा

परभणी,
ता. २५ नोव्हेंबर १९७४

रा. रा. तात्याराव यांच्या सेवेशी,

व्यंकटरावाचा नमस्कार. आपण सर्व मंडळी सुखरूप असाल असं धरून चालतो. (धरून चालण्याखेरीज इलाज नाही. सात वर्षांत आपलं एकच कार्ड आलं, त्यात प्रकृतीचा मजकूर नव्हता.) वहिनींच्या गुडघ्याचं कसं काय? इकडे माझ्या तीन दाढा गेल्या, चौथी जायच्या तयारीत आहे. कोर्टातल्या बरोबरच्या पेशकारांपैकी दोघे गेल्या उन्हाळ्यात गेले, त्यामुळे संध्याकाळी देवळाच्या पारावर बसायला आता मी आणि एक म्हातारी शेळी एवढेच उरलो. कोर्टातून पेन्शनीत निघाल्यापासून घरात मी, आपली बहीण आणि तिचा दमा अशी तीन माणसं राहतो. त्यात दमाच सर्वांत जास्त बोलतो.

पत्रास कारण की, आपलं "भाऊबीजेला यावे. वाट पाहतो" असं कार्ड पोचूनही आम्ही का पोचलो नाही याचा खुलासा करणं माझ्यावर आलं आहे. कार्ड आल्या दिवशी कमलबाईंनी ते आरशाच्या चौकटीत खोचलं आणि तेव्हापासून त्या वेणीफणीला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतात. जुनं उकरून काढायचं माझ्या मनात नाही. आपल्या थोरलीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत हिला खोकल्याची उबळ आली आणि "कमलला जरा मांडवाबाहेर बसवा" असं आपण म्हणालात, एवढं मिसलीत, म्हणजे आमच्या कोर्टाच्या कागदांत, दाखल आहे. ती पाण्याच्या रांजणापाशी जाऊन बसली आणि न जेवता संध्याकाळच्या गाडीनं परत आली, हेही दाखल आहे. मिसल मी तिथंच बांधून ठेवतो. सांगायचं ते एवढंच की हिला यायचं होतं, आणि कार्तिकातच यायचं होतं.

आता यायचं कसं, हा पहिला प्रश्न. आगगाडीत इंजिनाचा धूर. एस.टी.त धूळ, विड्या आणि खिडकीला काच नाही. म्हणून तर मी या वयात ती मोटार घेतली. (आपण ऐकलंच असेल. परभणीत ज्यांनी ऐकलं ते हसले, ज्यांनी पाहिली ते गप्प झाले.) एक वकीलसाहेब हैदराबादला कायमचे राहायला गेले, त्यांनी ती मागे सोडली. चालवायला मी पेन्शनीनंतर शिकलो. मोटारीला चार काचा आहेत आणि चारही वर जातात, हे बघून मी सौदा केला. काचा लावल्या की आत धूळ येणार नाही, असा माझा समज होता. तीस वर्षं कोर्टात काढलेल्या माणसानं समजावर विसंबायला नको होतं.

भाऊबीजेच्या दिवशी निघालो. हिनं मांडीवर तबक घेतलेलं, त्यात निरांजन, सुपारी, अक्षता, वर रुमाल. काचा घट्ट लावल्या. रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, त्यांच्या मागून आपल्या काळ्या रानाची भुकटी उडत होती. दोन कोसांत माझं धोतर काळं, हिच्या भुवया काळ्या, रुमालाखालच्या अक्षतासुद्धा काळ्या. पूर्णेच्या फाटकापाशी फाटक बंद, मालगाडीचे डबे मागेपुढे चाललेले, आणि तिथं हिला उबळ आली. ती थांबेना. डोळ्यांना पाणी आलं, मांडीवरचं तबक हलायला लागलं. मी मोटार फिरवली. फाटकापासून आपलं क्वार्टर दोनशे पावलांवर आहे हे मला ठाऊक होतं, तरी फिरवली.

दुसऱ्या दिवशी भुजंग मिस्त्रीला दाखवली. त्यानं सांगितलं की पुढच्या काचेच्या खाली एक झडप असते, तिच्यातून बाहेरची हवा पायांपाशी येते. आमच्या झडपेची मूठ वकीलसाहेबांच्या काळातच तुटली आणि ती कायमची उघडी राहिली. मग त्यानं बॉनेट उघडून एक गोल डबा दाखवला. इंजिनाला लागणारी हवा आधी त्या डब्यात जाते, तळाच्या तेलात धूळ बसते, आणि चोख हवा तेवढी इंजिनाला मिळते. महिन्याच्या महिन्याला डबा धुवायचा, तेल बदलायचं. एवढा बंदोबस्त मी कलेक्टरसाहेबांच्या दौऱ्यालाही पाहिला नव्हता. मी विचारलं, आमचा डबा कुठं आहे? भुजंगला प्रश्नच कळला नाही. दोनदा समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, इंजनात धूळ गेली तर इंजन बसतंय. माणसाचं काय हाय, माणूस खोकतंय अन् चालतंय."

या वाक्यानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. (दाढही होतीच.) मोटार बनवणाऱ्यानं शहाणपणानं ठरवलं की या गाडीत हवा गाळून द्यावी असा एकच जीव आहे, आणि तो लोखंडाचा आहे. तेव्हा माणसांचा डबा मीच करायचं ठरवलं. झडपेच्या तोंडावर बसेल असं पोत्याचं कापड कापलं, दुहेरी शिवलं, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलं. केशरबाई म्हणून आमच्या शेजारीण आहेत, त्या म्हणाल्या की भाऊबीज तुळशीच्या लग्नापर्यंत चालते, पौर्णिमेच्या आत ओवाळलं की पोचलं. म्हणजे तारीख वाढवून मिळाली होती. मंगळवारी पुन्हा निघालो.

पोतं केशरबाईंकडचंच होतं. त्यात आधी काय होतं हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्यात मिरच्या होत्या. गावाबाहेर मोटारीनं वेग घेतला तशी हवा आत यायला लागली आणि मी एकोणीस शिंका दिल्या. (हिनं मोजल्या.) दोन वेळा रस्ता सोडून मोटार ज्वारीत गेली. डोळे उघडायचे म्हणजे शिंक, मिटायचे म्हणजे समोर बैलगाडी. हिनं मात्र नाकाला पदर लावला आणि फाटकापर्यंत ब्र काढला नाही. मला वाटलं, जिंकलो. फाटक बंद होतं. थांबलो, आणि हिला उबळ आली. पुन्हा तेच, तेच तबक, तेच पाणी डोळ्यांना. परत येताना मी शिंकत होतो आणि ही मोजत नव्हती.

मग दुसरा डबा. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की ही हंड्याच्या तोंडावर जुनं लुगडं आठ पदरी करून बांधते आणि खाली नितळ पाणी पडतं, हे मी जन्मभर पाहत आलो, पण पाण्यावरून हवेवर जायला मला साठ वर्षं लागली. मऊ कापड घेतलं, आठ पदर केले, कडेनं धावदोरा घातला. काल रविवारी निघालो. तात्याराव, देवाशपथ सांगतो, एक कण आत आला नाही. (हवाही बेताचीच आली. मी घामाघूम झालो होतो, पण हूं की चूं केलं नाही.) ही इतकी बोलली की मी चकित झालो. आपण दोघा भावंडांनी लहानपणी पोखर्णीच्या जत्रेत चुकून दुसऱ्याच्याच गाडीत बसून झोप काढली, आणि घरी मार बसला तेव्हा आपण "कमल झोपली होती, मीच बसलो" असं सांगितलं, हे मला काल पहिल्यांदा कळलं. फाटक उघडं होतं. फाटकवाल्यानं हिरवं निशाण दाखवलं. पलीकडे आपलं क्वार्टर दिसलं, दारात खुर्ची टाकून पांढऱ्या कपड्यात कुणी बसलं होतं. माझ्या डोळ्यांत पडदा वाढतो आहे, त्यामुळे ते आपण होता की वाळत घातलेलं धोतर, याची जबानी मी देऊ शकत नाही. आणि तिथं, उघड्या फाटकात, हिला उबळ आली.

फाटकवाला निशाण हलवत राहिला. मी मोटार फिरवली. मला त्या वेळी काय वाटलं ते लिहीत नाही. घरी येऊन कापड सोडवलं. वरच्या पदरावर बोटभर काळी भुकटी, सर्वांत आतला पदर कोरा करकरीत. म्हणजे कापडाकडून कसूर नाही. मग कसूर कुणाची? मी रात्रभर विचार करून असं ठरवलं की फाटकापाशी हवेत कोळशाची कणी असावी आणि ती रानातल्या धुळीपेक्षा बारीक असावी, जी आठ पदरांतूनही निसटते. आपण जन्मभर मालगाडीवर गार्ड होता, कोळशाशी आपला संबंध माझ्यापेक्षा जुना आहे. तरी कणी किती बारीक असते आणि तिला किती पदर लागतील, याचा खुलासा उलट टपालानं करावा. मी बारा धरून चाललो आहे. पौर्णिमा शुक्रवारी आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला एरंडाचं पान बांधावं. मला गुण आला नाही, पण बांधावं.

आपला,
व्यंकटराव

ता. क. आता खरं सांगतो. कोळशाचं नाही सांगितलंत तरी चालेल. दुसऱ्या डब्याला मी ट्रंकेतलं वरचंच लुगडं घेतलं, हिरवं, तांबड्या काठाचं. कापून आठ तुकडे झाल्यावर घडीतून डांबराची गोळी पडली, तेव्हा लक्षात आलं की हे आपण त्या लग्नात दिलेलं आहेराचं लुगडं. ती ते नेसून परत आली होती आणि मग कधी नेसली नाही. तिनं तुकडे पाहिले. मी कात्री हातात घेऊन उभा होतो. ती एवढंच म्हणाली, "हवा येईल ना त्यातून? मग झालं." मला त्या दिवसापासून झोप नाही. तेव्हा तसंच एक लुगडं घेऊन आपणच शुक्रवारच्या आत यावं, आणि मी लिहिलं हे तिला कळू देऊ नये. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसरा ता. क. डिंक संपला आहे. पाकीट चिकटवायला तिच्याकडे देतो आहे, ती कणकेची खळ करते. काळजी नसावी, माझं कोर्टातलं अक्षर तिला लागत नाही.

दादास कमलचा नमस्कार. यांचं अक्षर मला लागतंय, चाळीस वर्षं झाली. लुगडं मीच वर काढून ठेवलं होतं. सात वर्षं त्याची घडी मोडली न्हाई, तुझ्याकडंच यायचं तर त्या कामाला येऊ दे म्हणलं. दुसरं आणू नको. मोटारीत धूळ येत न्हाई आता, खोकला धुळीचा न्हाई, पण यांना सांगू नको, लय खपलेत. आत्ताबी ओट्यावर बसून बारा पदरी शिवायलेत. दमा हाय तो हाय, वाटंत येत न्हाई. तुझं दार दिसलं की येतोय. काल दारात बसलेला तूच होतास, धोतर नव्हतं. शुक्रवारी मी यायलेय. तुझ्या घरात खोकला आला तर मी कुठं बसायचं, तेवढं कार्डावर लिहून टाक.