भुजंगप्रयातानं घालवलेला नेम

गुरुजी, मी तुमच्यावर चिडलो आहे. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, माझेही दात गेले, तरी चिडलो आहे. कारण सांगतो, मध्येच टेबलावर पट्टी आपटू नका.

मी पिस्तूल चालवायला शिकतो आहे. राहात्याबाहेर पेरूच्या बागांमागे पत्र्याचं एक जुनं गोदाम आहे, तिथे. पिस्तूल हवेवर चालणारं, छऱ्यांचं. पण हा खेळ एका जागी खांबासारखं उभं राहून नेम धरण्याचा नव्हे. टायमर वाजला की कमरेचं पिस्तूल काढायचं, पुठ्ठ्याच्या प्रत्येक निशाणावर दोन छरे मारायचे, लोखंडी ताटल्या पाडायच्या, मग पुढच्या चौकोनात जायचं. चालताना बोट ट्रिगरवर दिसलं की बाद. नेमही मोजतात आणि वेळही. शुगर फॅक्टरीच्या ऑफिसात उभा जन्म टाइपरायटरसमोर बसून काढलेल्या माणसाला हे सुचावं कसं, असं घरचे विचारतात. मला तरी कुठे ठाऊक आहे? एका सकाळी ताटली पडल्याचा तो टणत्कार ऐकला आणि अंगावर काटा आला, एवढंच.

पण माझ्या ताटल्या पडेनात. छरे कधी वरून, कधी बाजूने. माझ्याबरोबर शिकणारा कोल्हारचा एक ट्रॅक्टरवाला म्हणायचा, "आजोबा, ताटली पाडायची हाय, तिला आशीर्वाद न्हाई द्यायचा!" सगळे हसायचे. शिकवणारी मुलगी मात्र हसली नाही. शेतकऱ्याघरची, माझ्या नातीएवढी. ती माझ्या खांद्याशी कान लावून उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, तुमी गानं म्हनता का व्हय?"

गाणं नव्हे, गुरुजी. तुम्ही घोटून घेतलेलं वृत्त, भुजंगप्रयात. लगागा लगागा लगागा लगागा. प्रत्येक शेवटच्या 'गा'वर माझं बोट आपोआप दाबलं जात होतं. नजर ताटलीवर पोचलेली असो वा नसो!

"तरीच," ती म्हणाली. "तुमचं बोट तालावर पळतंय. डोळा मागं राहतोय. हे बंद झालं तरच स्पर्धेत नाव देते. न्हाईतर न्हाई."

कुणी लावली ही खोड? मिरजगावच्या शाळेचं स्नेहसंमेलन आठवा. मी मंचावर भुजंगप्रयातातली कविता म्हणतो आहे, समोर माझे वडील नवा फेटा बांधून बसले आहेत. कवितेत नदीला पूर येतो आणि मी ओळीच्या मध्यावर थांबतो, कारण मला ते पाणी खरोखरच दिसतं आहे. तेवढ्यात तुमचा आवाज येतो, "वृत्त मोडलंस! खाली बस!" सगळ्या गावासमोर. वडिलांनी घरी येताना वाटेतच नवा फेटा सोडून काखेत मारला. त्या दिवसापासून मी थांबलोच नाही, गुरुजी. तालात टायपिंग केलं, तालात चाललो, बायकोशी भांडलोसुद्धा तालात. ती वैतागून म्हणायची, "अहो, जरा दम खा, माझंही ऐका." तिचं ऐकायचं राहूनच गेलं. आणि तुम्ही वर्गात छातीठोकपणे सांगायचात, वृत्त माणसाला जन्मभर हात देतं! हात दिला नाही, हात धरून ठेवला.

महिनोन्महिने ओठ मिटून सराव केला. घरी रिकाम्या पिस्तुलानं, भिंतीवरच्या ठिपक्यावर. पिस्तुलाच्या टोकावरचा नेमाचा काटा ठिपक्यावर बसेपर्यंत बोटानं वाट पाहायची, मग त्याला वाटेल तेवढा वेळ लागो. हे साधं वाट पाहणं या वयात शिकावं लागलं, याचा संताप येतो.

परवा स्पर्धा झाली. पहिल्या फेरीत पुन्हा लगागा सुरू झालं, दोन ताटल्या तशाच उभ्या. मुलगी मागून फक्त म्हणाली, "आजोबा, बघा आधी." शेवटच्या फेरीला टायमर वाजला. पिस्तूल काढलं. ताटली दिसली, काटा दिसला, मी थांबलो, दाबलं. पुढची. पुन्हा थांबलो. एकूण एक पडल्या. ट्रॅक्टरवाल्यानं आरोळी ठोकली, "आजोबा, लई भारी!" वेळ फार घेतला म्हणून निकालात खालून दुसरा आलो, त्याचं काही नाही.

तुम्ही हयात असतात तरी हे पत्र टपालात टाकलं नसतं. कारण पुढची ओळ तुम्हाला वाचू देण्याचा धीर मला आजही नाही. ती फेरी चालू होती तेवढा वेळ माझ्या डोक्यात तुमचा आवाज नव्हता, आणि गुरुजी, मला फार बरं वाटलं.