माझा मिठाचा वाफा सवतीच्या नावे न करण्याबाबत

प्रति,
मा. वाफे नोंदणी अधिकारी,
मीठ सरोवर कार्यालय,
काट्वे, युगांडा.

विषय: माझ्या वाफ्याच्या हस्तांतरणास हरकत.
संदर्भ: माझे पती थेंबो यांनी मला न विचारता आपल्याकडे दिलेला अर्ज.

महोदय,

१. मी काबुघो, थेंबो यांची पहिली पत्नी. सासूबाईंनी मला दिलेला वाफा लग्नापासून मीच पिकवते. नोंद मात्र पतीच्या नावे आहे. शेजारचा वाफा त्यांनी दुसरी पत्नी इथुंगू हिला दिला. मध्ये एक चिखलाचा बांध. ऊन तापू लागताच तिचे पाणी लालभडक होते. लाल पाणी ऊन जास्त धरते, मीठ लवकर बसते आणि काँगोकडचे व्यापारी पहिली पोती तिथूनच उचलतात. माझे पाणी मात्र तांदळाच्या धुवणासारखे. यावर पती चारचौघांत म्हणाले, "तुझ्या डबक्यात काही राम नाही. दे तिला, ती काढेल मीठ." सदर अर्ज त्यातूनच उद्भवला आहे.

२. कंपालाच्या विद्यापीठातील नान्साम्बा नावाची अभ्यासक मुलगी इथुंगूच्या वाफ्यावर आठवडाभर बाटल्या घेऊन बसली होती. माझ्या वाफ्यावर कोणी बसले नाही, हे नमूद करते. नान्साम्बाकडून समजले की ही लाली सवतीचे कर्तृत्व नसून मिठात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांची आहे. बाहेर जितका खार, तितकाच ते आपल्या पोटात भरून घेतात. त्यामुळे अंगातले पाणी बाहेर ओढले जात नाही आणि जिथे आपले लोणचे होईल तिथे ते सुखाने नांदतात. इतके गुणी जीव नेमके सवतीकडेच का नांदावेत, या विचाराने मला दोन दिवस जेवण गेले नाही.

३. सबब मी बांधापलीकडून एक घागर लाल पाणी आणले. ही चोरी नव्हे, निम्मा बांध माझा आहे. आमच्याकडे पाहुण्याला आधी गोडे पाणी देतात. तेव्हा पलीकडच्या मोठ्या सरोवरातून, पाणघोड्यांची नजर चुकवून आणलेले हंडाभर पाणी मी त्या लाल जीवांना मानाने वाहिले. सकाळी लालीचा मागमूस नव्हता. नान्साम्बाने कपाळाला हात लावला. "अहो मावशी, गोड्या पाण्यात ते फुगून फुटतात! त्यांचं सगळं अंगच मिठावर उभं आहे." इथुंगूने त्यांना आजवर घोटभर पाणीही विचारलेले नाही, आणि भरभराट तिची! हा कुठला न्याय, ते कार्यालयाने सांगावे. वर ती बांधावर येऊन म्हणाली, "ताई, मागितलं असतंस तर मीच दिलं असतं की." हे मला फार झोंबले. तिच्याकडे मागायची वेळ येऊ नये म्हणूनच तर घागर घेऊन गेले होते.

४. पुढची घागर मी कसलाही पाहुणचार न करता ओतली. आता एका कोपऱ्यात पाणी गुलाबी झाले आहे. ऊन टिकले तर हंगाम संपण्याआधी सगळा वाफा लाल होईल, असे नान्साम्बाचे म्हणणे आहे. नेमका आत्ता वाफा गेला तर ही लालीही सवतीच्या घशात आयती जाईल, आणि मला तिच्याच बांधावर रोजाने पोती उचलावी लागतील. ते माझ्याने होणार नाही.

५. तरी पतीचा अर्ज फेटाळावा. तिच्या नावे काहीतरी करणे कार्यालयास भागच असेल, तर पतीच करून द्यावेत. त्यांचे जेवण तिच्या चुलीवर, झोप तिच्या छपराखाली. फक्त कागद व्हायचा राहिला आहे. माझी हरकत फक्त वाफ्यापुरती आहे. या शेवटच्या कलमात खाडाखोड झाली आहे. ती हरकत समजू नये.

निर्णयाकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
काबुघो
काट्वे, ११ फेब्रुवारी २०१९

सोबत: (१) सासूबाईंच्या वेळची वाफ्याची पावती, (२) गुलाबी पाण्याची बाटली.