काशीबाईंचं कपाळ

३ मार्च १९५८
सामंतांनी लघुपट कसा बांधतात ते समजावलं. दहा मिनिटांत माणसाला एकच गोष्ट हवी असते. ती मिळते नाहीतर जाते. बाकी कापायचं. ते दिग्दर्शक, मी निवेदन लिहिणारी. चळवळीवर लिहिताना मला सगळंच ठेवावंसं वाटतं. हाताशी आहे काय: मोर्चा, लाठीमारातली पळापळ, डिलाईल रोडच्या काशीबाईंची खोली. गिरणीतला नवरा मोर्चाला जातो, ती वाट बघते. शेवट नाही.

५ मार्च
एडिटिंगच्या खोलीत. टाकलेल्या तुकड्यांत एक मिळाला. काशीबाई खिडकीशी, नुकतं तोंड धुतलेलं, कुंकू लावायचं राहिलेलं. कॅमेरावाल्याने उजेड बघायला घेतला असणार. म्हटलं, हा पळापळीनंतर लावून बघा. लावला. नवरा लाठीमारात गेला, हे एक शब्द न लिहिता कळलं.
"बाई, हे तुम्हाला सुचलं कसं?" सामंत म्हणाले.
मी खूष होते. गिरगावात घरी येईपर्यंत.

६ मार्च
वेणी घालताना कळलं कसं सुचलं. ते मोकळं कपाळ मी रोज आरशात बघते. तिचा नवरा तर धडधाकट. चित्रीकरणाच्या दिवशी आम्हाला चहा त्यानेच केला. जित्या माणसाची बायको, आणि मी तिला...

८ मार्च
सामंतांना म्हटलं, तुकडा काढा. प्रत निघाली, म्हणाले, आता काही होत नाही. वर, "मग शेवट काय?" खरं लिहायचं तर, ते नाही म्हणाले तेव्हा क्षणभर बरं वाटलं. शेवट फार चांगला झालाय. हे वाटणं कुणाला सांगायचं.

१२ मार्च
डिलाईल रोड. शनिवारी चाळीच्या पटांगणात खेळ. काशीबाईंनी नवं लुगडं दाखवलं. नवऱ्याला अगदी पुढे बसवणार. जन्मभर गिरणीतले साचेच बघितले त्यांनी, एकदा बायकोला बघू देत, म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. चहा प्यायले, काही न सांगता उठले. जिन्यात थांबले. परत वर गेले नाही.

१४ मार्च
गेले. सांगितलं, माझीच कल्पना हेही. तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या. हात एकदा कपाळापाशी गेला, टेकला नाही.
"तां कधी येता?"
अगदी शेवटी, म्हटलं.
"मगे तुमी माझ्या बाजूक बसा. त्येच्या आधी माका हात लावा. ह्यांका विडी आणूक धाडतंय."
आणि तुम्ही?
"मी बघतलंय."
माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ मार्च
दुपार. पातळ काढून ठेवलंय. थोड्या वेळाने निघायचं. पळापळ सुरू झाली की हात लावायचा, हे सारखं घोकतेय. आत्ता आठवलं. त्या पळापळीत तिचा नवराही आहे, टोपी सांभाळत, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून जातो. स्वतःला पहिल्यांदाच पडद्यावर बघणारा माणूस विडीसाठी उठेल का?