शाळेच्या वाटेवरचं भेव

माय, तू गेल्यावरही मी शिकतच राहिले. आता मध्येच शाळा सोडलेल्या मुलींवर विद्यापीठात संशोधन करते आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पोरीनं शाळा काऊन सोडली, हे तिच्या मायलेच विचार ना." तेच करते. गावोगाव जाऊन आयांना विचारते.

सातवीनंतर माझी शाळा शेजारच्या गावात होती आणि वाट जंगलातून. त्याच उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या शेजारच्या काकूला वाघानं मारलं. बाबा म्हणाले, "बस झाली शाळा." तू चुलीवरचा भात उतरवलास, विळा उचललास आणि म्हणालीस, "मी जाते तिच्यासंग." मग रोज मी पुढे, तू मागे. "गप नको चालू. पाढे म्हन, जोऱ्यानं." एकदा भेदरून मी तुझा हात धरला, तर तू तो झटकलास. "हात मोकळे पायजेत," एवढंच बोललीस. मला तू फार कठोर वाटलीस, आणि धीटही.

मागच्या महिन्यात कुरखेड्याकडच्या एका गावात एक माय भेटली. तिच्या मुलीनं आठवी अर्ध्यात सोडलेली. माझ्या प्रश्नावलीतली कारणं मी वाचून दाखवली: गरिबी, घरकाम, पालकांची अनास्था. तिनं सगळं ऐकून घेतलं. "वाट पायली का तुमी? चाला, दाखवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती, तिची मुलगी आणि मी अशा तिघी निघालो. नाला ओलांडला आणि चितळ ओरडलं. मग वानरं. मग काहीच नाही, पाखरूसुद्धा नाही. ती माय मुलीच्या पुढे झाली आणि तिनं माझं मनगट धरलं. मुलगी पुटपुटली, "इथीच हाय." दिसत काहीच नव्हतं, उग्र वास तेवढा येत होता. मला प्रश्न, विद्यापीठ, काही आठवत नाही. मनगटावरचा तिचा हात लटलट कापतोय आणि चेहऱ्यावर मात्र काहीच नाही. बांबूत काहीतरी जड सरकलं. पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे घेत आम्ही परतलो.

तिथंच तुझा झटकलेला हात आठवला. तोही असाच कापत असणार, आणि ते तुला मला कळू द्यायचं नव्हतं.

मार्गदर्शक सरांना म्हटलं, "सर, अनास्था कुठेच नाहीये. भीती आहे." ते म्हणाले, "भीती मोजणार कशी?" बराच वाद झाला. शेवटी म्हणाले, "लिहा. पण आधी आणखी आयांबरोबर त्या वाटांनी चालून या." मी लगेच हो म्हटलं.

तेव्हापासून दोनदा गाडी काढली आणि दोन्ही वेळा फाट्यावरूनच परतले. घरी सांगितलं, काम झालं. उद्या पुन्हा जायचं आहे; एक माय आपल्या मुलीला घेऊन थांबणार आहे. तू हे कधी वाचणार नाहीस, म्हणून लिहिता आलं. मला जायचं नाहीये, माय. लय भेव वाटते.