डबा दिसत नाही

८ फेब्रुवारी २००५
पुन्हा मेल तुंबली! सकाळपासून फोन. मंचरच्या पॅकहाऊसमधून म्हणे फोटो जात नाहीत, आळ्याहून म्हणे येत नाहीत. मी काय जादू करू? सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरलीय. द्राक्षाचा सीझन म्हणजे प्रत्येक लॉटचे फोटो, प्रत्येक बागेचा तपासणीचा रिपोर्ट — आणि तो एकच रिपोर्ट सात जणांना. पुसा म्हटलं की एकच उत्तर, "असू द्या, लागंल कधीतरी." गादीखाली प्लॅस्टिकच्या पिशव्या साठवणारी माणसं ही, मेल कशाला पुसतील!

साहेबांना स्पष्टच सांगितलं. आज याच्या, उद्या त्याच्या मेली उडवून हे निभणार नाही. मेली ठेवायला वेगळी जागा पाहिजे.

११ फेब्रुवारी
साहेब हो म्हणाले. पण वर एक बोलले — हे जमलं नाही तर मेलचं सगळं काम मुंबईच्या ऑफिसकडे. म्हणजे माझी खुर्चीही गेली. आळ्याच्या पोरीला नारायणगावात कॉम्प्युटरची नोकरी पुन्हा कोण देणार?

१५ फेब्रुवारी
डबा आला! पुण्याहून रुपेश नावाचा इंजिनिअर घेऊन आला. काळा, जड, आत आठ डिस्क. तो म्हणाला, सर्व्हरचं पोट फुगवायचं नाही. सर्व्हरनं फक्त मेल घ्यायची आणि द्यायची, साठवायचं सगळं डब्यात. मधे वायर आणि दोघांना जोडणारा एक छोटा हब. उद्या मेली दुप्पट झाल्या तर दुसरा डबा जोडायचा, की झालं.

सर्व्हर आणि डबा यूपीएसवर लावले. हबसाठी यूपीएसला भोकच उरलं नाही. दारापाशच्या बोर्डावर लावला — त्या बोर्डाला इन्व्हर्टर आहे, लाइट गेली तरी त्याचा करंट जात नाही. रुपेश म्हणाला, मग चालेल.

डबा जीपमधून आत आणला तो भिकाभाऊंनी, कडेवर पोर घ्यावं तसा. ते आमचे वॉचमन, सर्व्हरच्या खोलीच्या दाराबाहेर त्यांची खुर्ची. विचारलं, "ताई, ह्यात समद्यांची पत्रं ऱ्हात्यात व्हय?" हो म्हटलं. "मग मी दार सोडून हालत न्हाई."

२० फेब्रुवारी, रविवार
चौसष्ट जणांच्या मेली हलवल्या. एकही हरवली नाही. खूश व्हायला पाहिजे. होत नाहीये. दर पाच मिनिटांनी जाऊन हिरवे दिवे बघतेय.

२३ फेब्रुवारी
बंद पडलं. तिसऱ्या दिवशी!

सकाळ चांगली गेली होती. दुपारी लाइट गेली, तशी बटणं बंद करून शेडमध्ये जेवायला गेले. पॅकिंगच्या बायकांनी ठेचा दिला, जीभ पोळली. परत येऊन पंखा लावते तोवर फोन सुरू. सर्व्हर चालू, डबा चालू, पण स्क्रीनवर एकच ओळ — डबा दिसत नाही. सव्वा एकपासून! सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, तेव्हा कुठे डबा दिसला. चिठ्ठी पाहिजे तेव्हा पोस्टमास्तर झोपलेला, अशी गत.

रुपेशला फोन. म्हणाला, वायर बघा. बघितली. घट्ट आहे.

२४ फेब्रुवारी
घरी लाइट परत येताना स्वयंपाकघरातला बल्ब उडाला. आई म्हणाली, "तरी म्या समदी बटणं बंद केली व्हती, ह्येच ऱ्हायलं." टीव्ही असाच जळाला तेव्हापासून ती लाइट गेली रे गेली की घरभर फिरते. आम्हा भावंडांना तिनं तेच वळण लावलंय.

झोप नीट नाही. डोक्यात तो डबा.

२८ फेब्रुवारी
पुन्हा. एक वाजून दहा मिनिटांनी. लंडनला कंटेनर निघायचा होता, कागद अडकले. साहेब सगळ्यांसमोर बोलले. मी मान खाली घालून उभी. चूक माझी नसताना!

रुपेश म्हणतो, मधे कुणीतरी वायर काढतंय, नाहीतर हबचा करंट जातोय. करंट जाणारच नाही, इन्व्हर्टर आहे — त्याला तीनदा सांगितलं. मग राहिलं काय? माणूस.

२ मार्च
आज लाइटच गेली नाही. मेलही सुरळीत. कशाला विश्वास ठेवावा कळत नाही.

३ मार्च
सापडलं!

लाइट गेली होती. बाहेरच्या बाकड्यावर उन्हात बसवेना म्हणून आज जेवण लवकर उरकलं. येऊन बटणं चालू करायला हात घातला, तर बोर्डावर हबच्या शेजारी मोबाईलचा चार्जर. भिकाभाऊंचा! आणि स्क्रीनवर तीच ओळ. मी जेवायला गेले की हे आत येऊन हबची पिन काढत असणार, फोन लावत असणार, आणि मी यायच्या आत पुन्हा जागेवर!

त्यांना विचारलं तर म्हणाले, "ताई, मी बाजूच्या भोकात लावतो. तुमचं कशापायी काढू?" आवाज चढला नाही. तो न चढलेला आवाजच मला खोटा वाटला.

साहेबांना सांगितलं.

५ मार्च
भिकाभाऊंना काढलं. साहेबांनी हिशेब हातात ठेवला, संपलं. जाताना ते माझ्याकडे आले. वाटलं भांडतील. खोलीच्या दाराची जास्तीची किल्ली टेबलावर ठेवली, म्हणाले, "ऱ्हायलीच व्हती खिशात." आणि गेले.

मी बरोबरच केलं. चौसष्ट माणसांचं काम एका चार्जरपायी थांबतं. बरोबरच केलं.

आता खोलीला कुलूप. दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये.

८ मार्च
तीन दिवस एकदाही बंद नाही. विजेच्या मागच्या फीडरचं काम चाललंय म्हणून आमची लाइन दुसरीकडून जोडलीय म्हणे, दुपारची लाइटही गेली नाही. साहेब हसून बोलले. घरी जाताना जीपमध्ये खिडकीची जागा मिळाली.

९ मार्च
स्टँडवर कुशाबाई भेटल्या. भिकाभाऊंच्या बायको. मीच नजर चुकवत होते, त्या सरळ समोर आल्या. भांडायला नाही. म्हणाल्या, "ते काय बोलत न्हाईत घरी. दारात बसून ऱ्हात्यात नुसतं. त्यांनी काय केलं व्हतं नेमकं, ताई?"

मी हब, पिन, करंट असं काहीतरी सांगत बसले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पण ते तर म्हणत व्हते, पत्रं हायेत तिथं."

जीप सुटली म्हणून बरं झालं.

११ मार्च
बंद पडलं.

कुलूप होतं. दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये होत्या. पर्स माझ्या मांडीवर, शेडमध्ये! लाइट गेल्यावर मी जेवायला गेले, कुलूप लावलं, आले, कुलूप काढलं — डबा दिसत नाही. एक वाजून बारा मिनिटं.

मग कोण? कुणीच आत गेलं नाही तर भिकाभाऊ कशासाठी गेले?

रुपेश म्हणाला, ज्या ज्या दिवशी बंद पडलं त्या दिवशी नेमकं काय काय झालं ते तारखेनुसार लिहून पाठवा, बारीकसारीक सगळं. माझ्याकडे ही वही आहे म्हटलं. उद्या काढते.

१२ मार्च
काढलं. तेवीस तारीख — "लाइट गेली, तशी बटणं बंद करून शेडमध्ये जेवायला गेले." तीन मार्च — "येऊन बटणं चालू करायला हात घातला." कालही निघताना बंद केली होती, लिहायचंसुद्धा सुचलं नाही. दारापाशच्या बोर्डावरची बटणं. पंखा, ट्यूब आणि हब.

वही पिशवीत घातलीय. आधी भिकाभाऊंच्या घरी, मग साहेबांकडे.