कोरं लुगडं

रावेर, बुधवार, १२ मार्च १९८६

केळीचे घड वाहणाऱ्या बायकांचा मोर्चा उद्या तहसील कचेरीवर. ट्रक भरतात त्या आवारात प्यायला पाणी हवं, संडास हवा, एवढीच मागणी. मोर्चात धरायची पाटी मी रंगवली. डोक्यावर घड, हिरवं लुगडं, ताठ मान. माझ्या मते माझं आजवरचं सगळ्यात चांगलं चित्र.

त्यांच्यातली थोरली गोदाक्का बघतच राहिली. "भाऊ, हे बाई कोन व्हय? लुगड्यावर चिकाचा एक डाग नाही. कामाले आली का लग्नाले?"

बायका हसल्या. मीही हसलो, पण कानशिलं तापली. दहा वर्षं इथल्या शाळेत चित्रकला शिकवतो. केळीच्या चिकाचा डाग धुऊन जात नाही, रोज पाहतो. मग चित्रात रंगवला का नाही? चित्र मळेल म्हणून? कुणासाठी कोरं ठेवत होतो ते लुगडं?

संध्याकाळी लुगड्यावर चिकाचे डाग रंगवले. तो कोरा हिरवा रंग गेलाच.

"आता आपली वाटते," अक्का म्हणाली. "पन पाटी धरायले उंच मानूस लागीन. येता का?"

हो म्हणालो. रजेच्या अर्जात आधी 'घरगुती काम' लिहिलं. खोडलं. 'मोर्चा' लिहिलं. हेडमास्तर बोलावणारच.