फाटका कोपरा

हैदराबाद, कार्तिक वद्य ३, शके १८६१

चि. भुजंग यास,
सहा महिन्यांनी का होईना, तुझा मोठा मावसभाऊ आहे, म्हणून अनेक आशीर्वाद. वि. वि.

मनकर्णाच्या वडिलांना, दिनकररावांना, कालच पत्र टाकलं. तिला रीतसर मागणी घातली आहे. दसऱ्याला ती म्हणालीच होती की, तुमचं पत्र येईस्तवर मी कुनालाच व्हय म्हननार न्हाई, पर लय उशीर करू नका.

एक घोटाळा झाला. दौत कलंडून पत्राचा कोपरा भिजला, तेवढा फाडून टाकला. पेटीत टाकल्यावर ध्यानात आलं की फाटका कोपरा म्हणजे आपल्याकडे मयताची खबर! त्यांच्या घरात वाचता कोणालाच येत नाही, तुलाच बोलावतील. आधी पोटभर हसून घे, मग नीट वाचून दाखव. माझं सगळं आता तुझ्या जिभेवर आहे. लोभ आहेच, या कामापुरता थोडा वाढव.

तुझा,
सूर्यभान

सेलू, मार्गशीर्ष शुद्ध १०

प्रिय सूर्या,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. दिनकरराव सध्या कापसाच्या गाड्यांत अडकलेत, जिनिंगसमोरची रांग संपत नाही. उत्तराची घाई करू नकोस. परत पत्रही टाकू नकोस, लोक नावं ठेवतात. परीक्षा आटोपूनच ये. आई तुझी आठवण काढते. लोभ असावा.

भुजंग

सेलू, फाल्गुन शुद्ध २

तीर्थरूप सूर्यभानदादा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आज तुम्ही म्हणतो, तू म्हणायला तोंड राहिलं नाही. माघात माझं लग्न झालं. मनकर्णाशी. तुमची परीक्षा आहे असं सांगून मीच कोणाला तुम्हांला कळवू दिलं नाही.

तुमचं पत्र तिच्या आईनं, सुमनबाईंनी, उंबऱ्याआत घेतलंच नाही. मला अंगणात बोलावून रडवेल्या आवाजात विचारलं की, कोन गेलं रे बाबा. तुम्ही मला लिहिलेलं पत्र तेव्हा माझ्या खिशातच होतं. मी सांगून टाकलं की सूर्यभानचा जिवाभावाचा सोबती गेला, आणि रीतीप्रमाणे तुमचं पत्र तिथंच फाडलं. मनकर्णा दारात उभी होती. आमच्यासाटी काईच लिवलं न्हाई का, असं तिनं नंतर विचारलं. मी नाही म्हणालो.

शाळेपासून तुमचे निरोप मीच तिला पोचवले. माझाही एखादा निरोप असेल असं तुम्हां दोघांना कधी वाटलं नाही, याचा मला राग होता. आता राग गेला. ती मात्र अजून टपालवाला आला की उठून उभी राहते. क्षमा असावी.

भुजंग

हैदराबाद, फाल्गुन वद्य १

भुजंग,

आशीर्वाद, नमस्कार काहीच लिहीत नाही. या पत्राचा कोपरा मी जाणूनबुजून फाडला आहे. उंबऱ्याबाहेर वाच आणि तिथंच फाडून टाक. तिला यातलं काही सांगू नकोस, तिला तुझ्याबरोबर जन्म काढायचा आहे.

अंगणात तू खोटं बोललास असं मला वाटत नाही. माझा जिवाभावाचा सोबती त्या दिवशी खरंच गेला.

सूर्यभान